किल्ली सांभाळणारा

ग्वाल्हेरातील आमच्या वस्तीचे नावच 'लष्कर'. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ जेथे पडला तेथेच पुढे शहर वसले, आणि फौजेच्या पाठोपाठ आलेल्या कारकून, फडणीस, भिक्षुक मंडळींची घरेही तेथेच उभी राहिली. त्यामुळे माझे थोरले काका, म्हणजे आमचे नाना, खरोखरीच फौजेत नोकरीस लागले तेव्हा आजोबा म्हणाले होते म्हणे, "लष्करातला मुलगा लष्करात गेला, यात नवल ते काय!" पुढे संस्थान विलीन झाले, संस्थानी फौजा भारतीय सैन्यात समाविष्ट झाल्या आणि नानांची कारकुनीही त्यांच्याबरोबर तिकडे गेली. नानांनी आयुष्यात बंदूक क्वचितच हाती धरली असेल. त्यांचे शस्त्र म्हणजे टाक, दौत आणि रेघा मारलेली वही. परंतु हा वहीवाला माणूस १९५३ साली कोरियात जाऊन आला. आमच्या घराण्यात समुद्र ओलांडणारा तो पहिलाच.

लहानपणी आम्हा मुलांना कोरियाची गोष्ट हवी असे, आणि नाना ती कधी मनासारखी सांगत नसत. लढाई कशी झाली असे विचारले की म्हणत, "मी गेलो तेव्हा लढाई थांबली होती." मग तुम्ही कोणाला जिंकून आलात? "कोणालाच नाही." मग तिथे केलेत तरी काय? यावर त्यांचे ठरलेले उत्तर होते, "माणसे मोजली." या उत्तराने आमचा फार विरस होई. त्या दोन शब्दांत काय भरले होते, ते कळायला मला माझी साठी उलटावी लागली.

कोरियातील युद्ध २५ जून १९५० रोजी पेटले. उत्तरेच्या पाठीशी सोव्हिएत रशिया आणि पुढे चीन, दक्षिणेच्या पाठीशी अमेरिका आणि संयुक्त राष्ट्रांचा ध्वज. स्वातंत्र्य मिळून तीन वर्षेही न झालेल्या भारतापाशी या भांडणात घालण्यासारखे ना सैन्य होते ना पैसा. होते ते एवढेच, की दोन्ही घरांत त्याचे जाणे-येणे होते. पेकिंगला आपले राजदूत होते सरदार के. एम. पणिक्कर. बिकानेरची दिवाणगिरी केलेला हा विद्वान माणूस. ऑक्टोबर १९५० च्या आरंभी चाऊ एन लाय यांनी त्यांना मध्यरात्री झोपेतून उठवून बोलावले आणि बजावले, की अमेरिकेच्या फौजा ३८ व्या अक्षांशापलीकडे आल्या तर चीन युद्धात उतरेल. पणिक्करांनी निरोप दिल्लीला कळवला, तो पुढे लंडन-वॉशिंग्टनलाही पोचला. पण निरोप्याच कम्युनिस्टांकडे झुकलेला आहे, असा तिकडे समज होता. त्यामुळे निरोपाकडे लक्ष दिले गेले नाही. फौजा अक्षांश ओलांडून गेल्या आणि त्याच महिन्यात चिनी सैन्य यालू नदी उतरून आले. युद्ध आणखी पावणेतीन वर्षे चालले. छत्तीस हजारांहून अधिक अमेरिकन त्यात कामी आले, आणि कोरियन व चिनी मृतांची संख्या लाखांत गेली.

मध्यस्थाचे पहिले दुःख हे, की त्याचा निरोप खरा ठरला तरी त्याचे श्रेय त्याला मिळत नाही. दुसरे दुःख पोटाचे. १ फेब्रुवारी १९५१ रोजी चीनला आक्रमक ठरवणारा ठराव आमसभेत आला, तेव्हा भारताने त्याच्या विरोधात मत दिले. चीनला गुन्हेगार ठरवून त्याच्याशी वाटाघाटी करता येणार नाहीत, हे आपले म्हणणे. त्याच वेळी देशात धान्याची टंचाई होती आणि अमेरिकेकडे आपण गहू मागत होतो. अमेरिकन संसदेत या मागणीवर महिनोन्महिने काथ्याकूट झाला. ज्यांचे ऐकत नाही त्यांच्याच दारी झोळी घेऊन उभे राहता, असा त्या चर्चेचा सूर होता. अखेर जून १९५१ मध्ये १९ कोटी डॉलरच्या कर्जाचा कायदा झाला. ज्या घरची भाकरी खावी त्या घराच्या मालकाला त्याच्या पंगतीत बसून 'तुमचे चुकते आहे' असे सांगणे किती अवघड, हे आश्रित म्हणून राहिलेल्या आपल्या पूर्वजांना निराळे सांगायला नको.

शस्त्रसंधीची बोलणी जुलै १९५१ मध्ये सुरू झाली आणि एका प्रश्नावर अडून बसली. हा प्रश्न युद्धकैद्यांचा होता. १९४९ चा जिनीव्हा करार सांगतो, की युद्ध संपताच कैद्यांना विनाविलंब मायदेशी धाडावे. पण दक्षिणेकडच्या छावण्यांतील हजारो चिनी आणि उत्तर कोरियन कैदी परत जायला तयार नव्हते. त्यांना बळाने पाठवणार नाही, असे अमेरिका म्हणे. ते नकार देतात तेच तुमच्या धाकाने, असे चीनचे म्हणणे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते, आणि म्हणूनच तोड निघत नव्हती. या घोळात माणसे मरत राहिली.

१९५२ च्या नोव्हेंबरात कृष्ण मेनन यांनी न्यूयॉर्कला एक तोडगा मांडला. कैदी एका तटस्थ आयोगाच्या ताब्यात द्यावेत. त्यांना परत धाडण्यासाठी बळ वापरू नये आणि अडवण्यासाठीही वापरू नये. ३ डिसेंबरला आमसभेने तो ५४ विरुद्ध ५ मतांनी स्वीकारला. विरोध करणारी पाच मते सोव्हिएत गटाची होती, आणि ज्या चीनसाठी एवढी खटपट केली त्यानेही तो झिडकारला. पुढे मार्च १९५३ मध्ये स्टालिन वारले, हवा पालटली, आणि जूनमध्ये जो करार झाला त्याचा सांगाडा मेनन यांच्या तोडग्याचाच होता. आयोगात स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि भारत ही पाच राष्ट्रे. अध्यक्षपद भारताकडे, आणि कैद्यांवर पहारा ठेवण्याचे काम एकट्या भारतीय सैनिकांकडे. २७ जुलैला तोफा थांबल्या.

यातला एक विनोद सांगण्याजोगा आहे. ऑगस्ट महिन्यात प्रश्न निघाला, की कोरियाचा कायमचा निकाल लावण्यासाठी जी राजकीय परिषद भरायची तिच्यात भारताला जागा द्यावी काय. समितीत २७ मते बाजूने पडली, २१ विरुद्ध. दोनतृतीयांश बहुमत होत नव्हते. अमेरिका विरोधात होती. भारताने आपले नाव मागे घेतले. कैदी सांभाळायला भारत विश्वासू, पण बैठकीला खुर्ची नको! लग्नघरी कोठीची किल्ली द्यायची आणि पंगतीला मात्र बोलवायचे नाही, त्यातलाच हा प्रकार.

आयोगाचे अध्यक्ष होते लेफ्टनंट जनरल थिमय्या, आणि पहाऱ्याच्या दलाचे प्रमुख आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. १९४५ साली ब्रह्मदेशात कांगावच्या लढाईत हे दोघे एकाच ब्रिगेडमध्ये लढले होते. दोघांनाही 'डीएसओ' हे शौर्यपदक मिळाले होते. ज्यांनी एकत्र लढाई मारली त्यांच्यावर आता लढाई न करण्याचे काम आले. दलात सुमारे सहा हजार माणसे होती, आणि त्यांच्या कोठल्याशा तंबूत, लाकडी खोक्यावर वही ठेवून बसलेले आमचे नाना.

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीयांना आपल्या भूमीवर पाय ठेवू देणार नाही असे जाहीर केले होते. म्हणून इंचॉनच्या समुद्रातूनच हेलिकॉप्टरांनी उचलून आपल्या सैनिकांना निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवले. नाना ही एक गोष्ट मात्र रंगवून सांगत. तांगा सोडून दुसऱ्या वाहनाची फारशी सवय नसलेला माणूस, पोटाशी दप्तर धरून हेलिकॉप्टरात बसला होता. खाली तळ उभा राहिला, त्याला नाव दिले 'हिंद नगर'. पुढे हिवाळ्यात तेथे एवढी थंडी पडली, की दौतीतली शाई गोठे. नाना ती शेगडीजवळ ठेवून पातळ करीत.

ताब्यात आलेले कैदी होते दक्षिणेकडून २२,६०४ आणि उत्तरेकडून ३५९. वहीत आकडे नीट मांडता येतात, माणसे तशी मांडता येत नाहीत. कुंपणाच्या आत कैद्यांच्या आपापल्या संघटना होत्या आणि त्यांचा धाक जबर होता. परत जायची इच्छा बोलून दाखवणाऱ्यांचे तेथे खून पडले. ज्याला घरी जायचे असे तो रात्री जीव मुठीत धरून तारा ओलांडी आणि भारतीय पहारेकऱ्याच्या पायाशी येऊन पडे. दिवसा तेच कुंपण त्याच पहारेकऱ्यावर दगडांचा वर्षाव करी. सप्टेंबरच्या अखेरीस कैद्यांनी आपल्या एका मेजरला आत ओढून ओलीस धरले. तेव्हा थोरात त्या जमावात शिरले, बोलत बसले, चहा घेतला आणि त्या अधिकाऱ्याला सोडवून बाहेर आले. पण दर वेळी चहावर भागले नाही. १ आणि २ ऑक्टोबरला कैद्यांचे जमाव अंगावर आले, आपल्या सैनिकांना गोळी झाडावी लागली आणि तीन कैदी मेले. २ ऑक्टोबर, गांधीजयंती. नाना त्या दिवसाविषयी कधी बोलले नाहीत. आमच्याकडे दर गांधीजयंतीला ते काही न बोलता एकभुक्त राहत. आम्ही ते गांधीजींसाठी समजत होतो.

ठरले असे होते, की प्रत्येक कैद्याला एका तंबूत आणावे. त्याच्या देशाच्या प्रतिनिधींनी परत येण्याविषयी त्याची समजूत घालावी, पाचही राष्ट्रांनी ऐकावे, आणि मग कैद्याने दोनांपैकी एका दाराने बाहेर पडावे. नव्वद दिवसांची मुदत होती, प्रत्यक्षात हे काम दहा दिवस चालले. कधी कैदीच तंबूकडे यायला नकार देत, कधी समजावणारे अडून बसत. कैद्यांना बळाने आणा, असे पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियाचे म्हणणे; बळ मुळीच नको, असे स्वीडन आणि स्वित्झर्लंडचे. थिमय्यांनी बळ वापरले नाही. पण डिसेंबरच्या अहवालात, कैद्यांना मोकळेपणी निवड करता आली असे म्हणवत नाही, हेही स्पष्ट लिहिले. पहिल्या गोष्टीने पेकिंग रागावले, दुसऱ्या गोष्टीने वॉशिंग्टन.

दक्षिणेकडून आलेल्यांपैकी ६२८ जणांनी मायदेशाचे दार निवडले. उरलेल्या एकवीस हजारांहून अधिक लोकांचे काय करायचे, ते ठरवायला राजकीय परिषद भरायची होती. ती भरलीच नाही. जानेवारी १९५४ मध्ये मुदत संपत आली. भारताने त्यांना मुक्त नागरिक म्हणून घोषित करावे, अशी एका बाजूची इच्छा. त्यांना धरून ठेवावे, अशी दुसरीची. थिमय्यांनी दोन्ही केले नाही. ठरलेली प्रक्रिया पुरी झाली नाही, तेव्हा निकाल देण्याचा आम्हाला अधिकार नाही. आणि मुदतीपलीकडे ताबा ठेवण्याचाही नाही. म्हणून ज्यांच्याकडून कैदी मिळाले त्यांच्याच हाती ते २० जानेवारीपासून परत दिले. अमेरिकेने दोन-तीन दिवसांत त्यांना सोडून दिले, हजारो चिनी फार्मोसाला गेले. भारताला दोन्हीकडून शब्द ऐकावे लागले.

एक लहानसा आकडा राहिला. ८८ माणसांनी दोन्ही दारे नाकारली. कोरियाचे ७६ आणि चीनचे १२. आम्हाला उत्तर नको, दक्षिण नको, तटस्थ देशात न्या, असे ते म्हणाले. फेब्रुवारी १९५४ मध्ये ते आपल्या सैनिकांबरोबरच आगबोटीने भारतात आले. पुढे त्यांतले बरेच जण ब्राझील-अर्जेंटिनात गेले, थोडे येथेच राहिले. या माणसांवरून कोरियन लेखक चोई इन-हुन यांनी १९६० साली 'चौक' अशा अर्थाच्या नावाची कादंबरी लिहिली, ती त्या देशात आजही वाचली जाते. तिच्यातला नायक तटस्थ देशाकडे निघालेल्या बोटीवर आहे, आणि बोटीचे नाव आहे 'टागोर'. तो नायक किनाऱ्याला पोचत नाही. दोन्ही पक्ष सोडलेल्या माणसाला उभे राहायला जमीन कोठली, हा त्या लेखकाचा प्रश्न. हे वाचले आणि मला नाना आठवले. आता घरची गोष्ट सांगायला हवी.

१९७२ साली आजोबा वारले. वाड्याची वाटणी झाली, पण मधल्या कोठीवर माझे वडील आणि त्यांचे चुलतभाऊ, आमचे बापूकाका, यांचा वाद पडला. कोठीत देवांची चांदीची उपकरणी होती, पणज्यांच्या वेळच्या सनदा होत्या, तांब्यापितळेची भांडी होती. दोघांनीही मरणापूर्वीचा आजोबांचा शब्द आपल्याच बाजूचा असल्याचे सांगितले. किल्ली मात्र आजोबांनी नानांच्या हाती दिली होती. नानांनी ती जानव्याला बांधली आणि म्हणाले, "तुम्ही दोघे मिळून याल त्या दिवशी उघडतो." बाबांना वाटले होते, सख्खा भाऊ आपल्या बाजूने उभा राहील. ते उभे राहिले नाहीत. बाबांनी त्यांच्याशी बोलणे सोडले. बापूकाका तर गावभर सांगत, की हा वरून तटस्थ आणि आतून भावाचा. एकाच वाड्यात, एकाच विहिरीवर पाणी भरणारी तीन घरे अकरा वर्षे अशी राहिली.

मी तेव्हा विशीतला. एकदा चिडून नानांना विचारले, "तुम्ही शेवटी कोणाच्या बाजूचे?" ते म्हणाले, "कोठीच्या." मला ते उत्तर पळपुटेपणाचे वाटले. आजही ते पुरते पटले आहे असे नाही.

कारण त्या मोठ्या गोष्टीचीही पुढची पाने आहेत. ज्या तिघांनी कोरियाची कामगिरी निभावली, ते मेनन, थिमय्या आणि थोरात, यांचे घरी मात्र जमले नाही. मेनन संरक्षणमंत्री झाले, थिमय्या सरसेनापती. १९५९ च्या ऑगस्टअखेर मेनन यांच्याशी बिनसून थिमय्यांनी राजीनामा दिला आणि नेहरूंच्या आग्रहाने मागे घेतला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पूर्व विभागाचे सेनापती असलेल्या थोरातांनी चीनच्या धोक्याविषयी लेखी इशारा दिला. तो बाजूला पडला. १९६२ मध्ये काय झाले ते सर्वश्रुत आहे. १९५० साली दुसऱ्यांनी आपला इशारा ऐकला नाही म्हणून आपण हळहळलो होतो. नऊ वर्षांनी आपल्याच माणसाचा इशारा आपण ऐकला नाही. परक्यांच्या भांडणात समोरच्याला आपल्याकडून काही मिळवायचे नसते, म्हणून तो थोडे ऐकतो. घरच्या भांडणात तसे नसते. तेथे मध्यस्थाकडून न्याय नको असतो, माया हवी असते, आणि ती त्याने नुसती किल्ली सांभाळून कशी द्यावी?

कोरियानंतरही मधल्या ताकदीच्या देशांनी ही उठाठेव सोडलेली नाही. अल्जीरियाने १९८१ च्या जानेवारीत अमेरिका आणि इराण यांच्यात निरोपांची ने-आण करून ५२ अमेरिकन ओलिसांची सुटका घडवली. त्याच अल्जीरियाचे परराष्ट्रमंत्री बेन याहिया पुढल्या वर्षी इराण-इराक युद्धात तोड काढायला निघाले असता त्यांचे विमान पाडले गेले आणि ते मरण पावले. १९९३ साली नॉर्वेने, २०२० साली कतारने, २०२२ साली युक्रेनच्या धान्याची जहाजे निघावीत म्हणून तुर्कस्तानने दोन वैऱ्यांना एका कागदापर्यंत आणले. त्यांतले काही कागद टिकले नाहीत. तरीही मी जेव्हा ऐकतो, की अमुक देश दोन्हीकडे पाय ठेवून आहे, तेव्हा पूर्वीसारखा हसत नाही. जेथे दोन्हीकडून कोणी बोलत नाही, तेथे निरोप न्यायला तरी कोणी हवा. मात्र मध्यस्थी म्हणजे न्याय, हा भ्रम मी सोडला आहे. हिंद नगरात न्याय झाला नाही. तेथे एवढेच झाले, की महासत्तांना जे लोक हत्यारासारखे वापरायचे होते, त्यांना चार महिने कोणीतरी नुसते सांभाळले, मोजले, आणि त्यांच्यावर आपला हक्क सांगितला नाही.

१९८३ साली बाबा गेले. शेवटच्या आजारात नाना रोज संध्याकाळी दाराशी येऊन बसत. बाबांनी त्यांना आत बोलावले नाही. तेराव्या दिवशी नानांनी जानव्याची किल्ली सोडली आणि माझ्या व बापूकाकांच्या मध्ये पाटावर ठेवली. म्हणाले, "मी निकाल दिला नाही. मला तो अधिकार नव्हता. जसे मिळाले तसे परत करतो आहे." मी त्या दिवशी त्यांच्यावर मनातल्या मनात फार रागावलो. हेच अकरा वर्षांपूर्वी केले असते तर बाबा बोलले असते, असे वाटले.

बापूकाका आणि मी मिळून कोठी उघडली. आत धूळ फारशी नव्हती. दाराच्या आतल्या खुंटीला एक वही टांगली होती. प्रत्येक दसऱ्याला नानांनी आतील वस्तूंची मोजदाद केली होती. समया, ताम्हने, अभिषेकपात्र, सनदांची बस्ताने, एकेक वस्तू, त्यांच्या त्या फौजी वळणाच्या अक्षरात. खाली दोन नावे आणि सहीसाठी दोन जागा. दर वर्षी दोन्ही घरी निरोप गेला होता, तारीख लिहिली होती. दर वर्षी दोन्ही नावांपुढे 'हजर नाहीत' असे होते. बापूकाका ती वही बराच वेळ पाहत राहिले, मग काही न बोलता विहिरीकडे गेले आणि तोंड धुऊन आले. वाटणी त्याच दुपारी झाली.

नाना १९९४ साली वारले. ती वही माझ्याकडे आहे. अकरा वर्षांच्या मोजणीत एक पळीसुद्धा कमी झालेली नाही.